चिनी फोनला कफील

सकिनाच्या घरात पाच मोबाईल होते आणि पाचही तिच्या धाकात होते. ती स्वतः तिसरीतून शाळा सोडलेली, हर्णैच्या बंदरावर मासळीच्या टोपल्यांमध्ये वाढलेली. पण रियाधच्या बत्हा मोहल्ल्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर कुणी किती वेळ फोन बघायचा, कुणाला काय पाठवायचं, हे तीच ठरवायची. जेवायला बसताना सगळे फोन अरबी रोट्यांच्या टोपलीत, वर पांढरं फडकं. जेवण संपेपर्यंत त्या फडक्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. घरच्या ग्रुपवर बोलायची मुभा एकट्या सकिनाला. बाकीच्यांनी ऐकायचं आणि वेळेवर जेवायला यायचं. लिहायचा तिला कंटाळा, म्हणून बोलूनच निरोप सोडायची. एकेक निरोप चार-चार मिनिटांचा, त्यात कोथिंबीर आणण्यापासून मेल्यानंतरच्या आखिरतपर्यंत सगळं.

रमजानमध्ये तिच्या सुनेला, आलिमाला, कुणा भामट्याचा फोन आला. तुमचा इकामा, इथे राहायचा परवाना, बंद होणार, आत्ताच्या आत्ता आकडे सांगा, म्हणे. आलिमा बिचारी रडत रडत ओटीपी वाचायला निघाली, तेवढ्यात सकिनाने फोन हिसकावून घेतला आणि त्या माणसाला त्याच्या सात पिढ्यांसकट असा धुतला की तोच फोन ठेवून पळाला. त्या दिवसापासून घरात आणखी दोन-चार कायदे झाले. मुलगा मोहियुद्दीन आईसमोर मान डोलवायचा आणि जे सांगेल ते करून यायचा. पन्नाशीला आलेला माणूस, लेस-बटनांचं भरलेलं दुकान चालवणारा, पण आईसमोर अजून पाटी-दप्तरातला.

एवढा सगळा बंदोबस्त असूनसुद्धा घरात जी काळजी शिरायची ती शिरलीच.

नात झोया, मोहियुद्दीनची मोठी. पंचविशीची, दवाखान्यात लॅबमध्ये कामाला. तिची मंगनी दोन महिन्यांपूर्वी मुनाफशी झाली होती. मुनाफ बाणकोटचा. रियाधमध्ये एका माल मागवणाऱ्या कंपनीत नोकरीला. हसरा, उंच, आणि सकिनाने बनवलेली सांदणं मोजून अकरा खाल्लेला. त्याच दिवशी तो तिला पसंत पडला होता. कंपनीने त्याला पहिल्यांदाच चीनला, यीवूच्या बाजारात माल बघायला पाठवलं. विमानतळावरून त्याने झोयाला लिहिलं, पोचलो की बोलतो. त्यानंतर अकरा दिवस झाले. झोयाने पाठवलेल्या निरोपांपुढे एकच राखाडी टिक. दुसरी उमटेचना.

झोया रडली-बिडली नाही. ती सकिनाचीच नात. फक्त जेवताना तिचा हात आपोआप टोपलीकडे जायचा, फडक्याचं टोक उचलायचा आणि परत यायचा. सकिना ते बघायची. कायद्याने तिला ओरडायला हवं होतं. ती ताटात बघत राहायची.

नवव्या दिवशी सकिनाने व्हॉट्सअ‍ॅपवर मुनाफच्या आईला बाणकोटला फोन लावला. मुलीकडच्यांनी आपण होऊन फोन करणं तिच्या जिवावर आलं होतं, म्हणून आधी पाच मिनिटं आंब्यांची चौकशी केली. मग हळूच मुद्द्याला हात घातला. तर ती बाई उलट हिच्यावरच घसरली. मुनाफ ठणठणीत आहे, तिथल्या साध्या फोनवरून माझ्याशी दोनदा बोलला, आणि तो तर म्हणतो तुमच्याकडचं कुणी फोनच उचलत नाही.

सकिनाची कानशिलं तापली. पाच फोन, सहा माणसं, आणि म्हणे उचलत नाही. एक तरी वाजला का? तिने त्या बाईला सुनावलं की आमच्यात खोटं बोलून पोरीला झुलवत ठेवायची रीत नाही. त्या बाईनेही तिकडून दोन शब्द हाणले. फोन कुणी आधी ठेवला हे दोघी आजही वेगवेगळं सांगतात.

घरात सकिनाने एवढंच सांगितलं की मुलगा बरा आहे म्हणे. फोनची गोष्ट तिने गिळून टाकली. पोरीला कशाला असली खोटी सबब ऐकवायची, असा तिचा हिशेब. मग घसा खाकरून तिने निकाल दिला. शुक्रवारी दुपार कलतानाच्या असरच्या नमाजपर्यंत मुलाचा स्वतःचा आवाज या घरात आला नाही, तर मंगनीची अंगठी आणि हिरवी ओढणी गावाला परत जाईल. शेजारच्या इमारतीतला यज्ञेश शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने रत्नागिरीला निघालाच होता, त्याच्या बॅगेतून.

झोया इस्त्री करत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "पाठव." आणि एकाच बाहीवर सातव्यांदा इस्त्री फिरवली.

बुधवारी संध्याकाळी यज्ञेश आला. बँकेत कॉम्प्युटरचं काम करणारा, बोलायला गोड, आणि दर सुट्टीला अर्ध्या बत्ह्याच्या पिशव्या कोकणात पोचवणारा. सात किलो जागा शिल्लक आहे, तुमचं किती, एवढं विचारायला आला होता. सकिनाने ते छोटं पुडकं पुढे ठेवलं. पाव किलोचंसुद्धा नव्हतं. यज्ञेशने कशाचं म्हणून विचारलं, आणि आलिमा ओठ दाबून स्वयंपाकघरात गेली, तेव्हा सकिनाला सांगावंच लागलं.

यज्ञेश हसायलाच लागला. मग तिचा चेहरा बघून थांबला आणि समजावून सांगू लागला. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालतच नाही. सरकारने इंटरनेटला जणू भिंत घातली आहे. बाहेरचं बरंचसं बाहेर, आतलं आत. काय दिसावं, काय लिहावं, कुठलं अ‍ॅप चालावं, सगळ्याला तिथं नियम आणि परवाने. त्या भिंतीतून पलीकडे जायच्या युक्त्या असतात, पण त्या निघण्याआधी फोनमध्ये घालून न्याव्या लागतात. मुनाफने तिथलं स्वस्त सिमकार्ड घेतलं असणार आणि बसला असणार आत अडकून. झोयाचे निरोप त्या भिंतीबाहेर उभे आहेत.

सकिना ऐकत राहिली. तिला यात अवघड असं काही वाटलं नाही. तिचा नवरा फकरुद्दीन, अल्लाह त्याला जन्नत देवो, रास तनुरात पाईप जोडायच्या कामाला होता तेव्हा तो कॅसेटमध्ये बोलून पाठवायचा. अर्धा तास एका बाजूला, अर्धा तास दुसऱ्या. कुणाच्या तरी बॅगेतून ती हर्णैला यायची. एकदा विमानतळावर कस्टमवाल्याने कॅसेट ठेवून घेतली, पूर्ण ऐकली म्हणे, आणि आठ दिवसांनी सोडली. तिच्या नवऱ्याचं प्रेम आधी एका परक्या माणसाने ऐकलं, मग तिने. तिला त्याचा राग आला नव्हता. त्या माणसाची दया आली होती, कारण दुसऱ्या बाजूला फकरुद्दीन गायला होता.

"मग तिथली माणसं एकमेकांशी बोलतात कशी?" तिने विचारलं.

तिथलं स्वतःचं अ‍ॅप आहे, यज्ञेश म्हणाला. पैसे त्यावर, गप्पा त्यावर, बाजार त्यावर. मुनाफकडेही असणारच, त्याशिवाय तिथं चहा मिळत नाही. तिथल्या तिथे त्याने सकिनाच्या फोनमध्ये ते उतरवलं. नंबर घातला, आकडे आले, नाव घातलं. आणि शेवटच्या पायरीवर ते अडलं. आधीपासून हे अ‍ॅप वापरणाऱ्या कुणीतरी आपला फोन पुढे धरून सांगायचं की ही बाई खरी आहे, मी हिला ओळखतो. यज्ञेशकडे ते अ‍ॅप नव्हतं. त्याने कपाळाला हात लावला आणि हे कसं समजवायचं असा विचार करू लागला.

"यात काय समजवायचंय?" सकिना म्हणाली. "कफील लागतो."

यज्ञेशने कपाळावरचा हात खाली घेतला. बँकेत त्याला हे कुणी एवढ्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. सकिनाने चष्मा काढून पुसला. या मुलखात पाय ठेवल्यापासून तिने हेच तर बघितलं होतं. आपल्या नावाने कुणीतरी उभं राहिल्याशिवाय इथं ना घर, ना नोकरी, ना गावाला जायची परवानगी. फकरुद्दीनच्या कफीलच्या दारात ती भर उन्हात उभी राहिली होती, पोटात मोहियुद्दीन. आता फोनलाही कफील. बरं तर बरं.

प्रश्न एवढाच होता की बत्ह्यात असा चिनी कफील एकच होता, आणि सकिनाने गेल्याच महिन्यात भर गल्लीत तिचे वाभाडे काढले होते.

तिचं नाव मर्यम. चीनची, पण मुसलमान, डोक्याला घट्ट बांधलेला हिजाब, कपड्यांच्या गल्लीत बटनं, झिपा आणि लेसचा ठोक धंदा. तिने मोहियुद्दीनच्या दुकानाला दिलेल्या झिपा अर्ध्यावर येऊन अडायच्या. सकिना स्वतः एक झिप हातात घेऊन गेली होती आणि गल्लीतल्या सगळ्यांना ती ओढून ओढून दाखवली होती. दोघींचं अरबी बाजारात शिकलेलं. त्यात भांडायला शब्द भरपूर आणि माफीला एकही नाही.

गुरुवारी असरनंतर दुकानं उघडली तशी सकिना मर्यमच्या गल्ल्यासमोर जाऊन उभी राहिली. मर्यमने तिला उभंच ठेवलं. एक गिऱ्हाईक, दुसरं गिऱ्हाईक, मग रिकामा गल्ला पुसणं. शेवटी काय हवं म्हणून विचारलं. सकिनाने पोरीची गोष्ट सांगितली, फोन पुढे केला आणि म्हणाली, मला कफील हवाय.

मर्यमला हे फारच आवडलं. तिने स्टूल पुढे सरकवलं, स्वतःही बसली आणि म्हणाली की आधी कबूल कर, झिपा चांगल्या होत्या.

"झिपा वाईटच होत्या," सकिना म्हणाली. "बटनं चांगली होती."

मर्यमचे डोळे बारीक झाले आणि ती खदखदून हसली. तिलाही माहीत होतं की झिपा वाईट होत्या. तिने आपला फोन काढला, सकिनाच्या फोनवरच्या चौकटीवर धरला, दोनदा अंगठा दाबला आणि झालं. मग बोट उगारून बजावलं की महिन्यात मोजक्याच लोकांना असं आत घेता येतं, आणि तू आत जाऊन काही वाकडं केलंस तर बोट माझ्याकडे. सकिनाने छातीला हात लावला. तिने काय वाकडं करायचं? तिच्यासारखी शिस्तीची बाई चीनमध्येसुद्धा नसेल.

आता मुनाफ शोधायचा. यीवूचा बाजार म्हणजे एक शहरच, तिथं एक हिंदी पोरगा म्हणजे वाळूत मोहरी. मर्यमने सकिनाला बटनवाल्यांच्या ग्रुपमध्ये घेतलं. दीडशे माणसं, यीवूचे, दुबईचे, रियाधचे. आणि त्यात चिनीत विचारलं की रियाधहून आलेला उंच, हसरा, लेसचे नमुने मागणारा हिंदी मुलगा कुणी पाहिलाय का. अर्ध्या तासात फोटो हजर. मुनाफ एका दुकानाच्या पायरीवर उकिडवा बसला होता, हातात वाडगा, दोन काड्यांनी शेवया उचलायचा प्रयत्न चाललेला, आणि शेवया परत वाडग्यात निघालेल्या.

सकिनाने फोटो मोठा केला. पोरगा वाळला होता. डोळ्यांखाली काळं. झुलवणाऱ्या माणसाचा हा चेहरा नव्हता. त्या दुकानदाराने त्याचा अ‍ॅपवरचा पत्ता कळवला आणि मर्यमने सकिनाच्या फोनवरून त्याला ओळख मान्य कर असा निरोप धाडला. सकिना घरी आली, पण कुणाला बोलली नाही. पोराने उत्तर दिलं नाही तर? त्यापेक्षा पोरीला कळूच नये. तिने फोटोवरही आपलं फडकं टाकलं.

शुक्रवारी सकाळी फजरची नमाज झाल्यावर फोन उघडला तर मुनाफने ओळख मान्य केलेली. सकिनाचा जीव सुपाएवढा झाला. आणि त्या आनंदात तिने ते केलं जे ती दर शुक्रवारी करते. गुलाबांच्या मधोमध मशिदीचा घुमट, वर सोनेरी जुम्मा मुबारक, खाली चमकणारे तारे. आधी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बासष्ट जणांना. मग नव्या अ‍ॅपवर मुनाफला, मर्यमला, आणि त्या दीडशे बटनवाल्यांनाही, कारण हातचं कशाला राखायचं. सोबत एक छोटी दुआ, आणि हे पुढे दहा जणांना पाठवा अशी विनंती. मग मुनाफशी बोलायला बटण दाबलं तर स्क्रीनवर लाल अक्षरं.

तिने झोयाला हाक मारली. झोयाने वाचलं. नियमात न बसणारा मजकूर पसरवल्यामुळे खातं बंद करण्यात आलं आहे.

झोयाने आधी ते अ‍ॅप बघितलं, मग त्यातलं मुनाफचं नाव. आणि आजीकडे वळली. "तू त्याला शोधत होतीस?"

"मी झिपा शोधत होते," सकिना म्हणाली.

अकरा दिवसांत झोया पहिल्यांदा हसली. मग पलंगावर बसून तो काय म्हणाला असं विचारलं, आणि काहीच म्हणाला नाही हे कळल्यावर उठून आंघोळीला गेली. पुडकं कपाटावर होतं. यज्ञेश असरला येणार होता.

जुम्मा झाला, पुरुष घरी आले, सांदणं आणि मटणाचं सालन वाढलं, फोन टोपलीत गेले, फडकं पडलं. पहिला घास तोंडात जायच्या आत दारावर धडका बसल्या. आलिमाने दार उघडलं तर मर्यम. तीन जिने चढून धापा टाकत, हातात फोन, आणि चेहरा असा की बिघडलेल्या झिपांची आठवण व्हावी.

तिच्या अरबीचा पूर सुरू झाला. बटनवाल्यांचा ग्रुप सकाळपासून बंद. दीडशे माणसांचा धंदा ठप्प. तिकडे धर्माचं काहीही असं पसरवायला परवाना लागतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. तिने स्वतः, पाच वेळा नमाज पढणाऱ्या मर्यमने, दहा वर्षांत त्या ग्रुपवर सलामसुद्धा जपून लिहिला. आणि ही, कालची आलेली, घुमट पाठवते. तारे चमकवते. वर दहा जणांना पाठवा म्हणते. आणि बोट कुणाकडे? तिच्या कफीलकडे.

सकिनाने एवढं सगळं ऐकून घेतलं, हेच घरच्यांना नवल. त्यातला सलाम जपून लिहिण्याचा भाग तिच्या मनाला लागला. स्वतःच्या घरात सलाम दबकत करायचा म्हणजे काय, हे तिने क्षणभर मनात आणून बघितलं आणि तिला ते आवडलं नाही. तिने मर्यमचा हात धरला, बसवलं, ताट पुढे सरकवलं. ग्रुप उद्यापर्यंत उघडतो का, तिने विचारलं. उघडेल, मर्यम रागातच म्हणाली, पण सांदण हातात घेतलं. खाल्लं. दुसरं घेतलं. मग सालनात बुडवून तिसरं. आणि तोंड भरलेलं असताना तिने आपला फोन पुढे केला. ज्याच्यासाठी हे सगळं केलंस, तो त्या दुकानदाराकडून माझा पत्ता काढून सकाळपासून मला विचारतोय तुझं काय झालं. घे, बोल.

फोनमधून मुनाफचा आवाज आला. "दादी? आहात का?"

झोयाचा घास हातातच राहिला. सकिनाने फोन तोंडासमोर धरला आणि अकरा दिवसांचं साठलेलं एकदम सोडलं. कुठं होतास, पोरीचा जीव टांगणीला लावलास, आईकडून आम्हांला खोटं सांगवलंस. मुनाफ मध्येच बोलू लागला. तो रोज फोन करत होता. झोयाला, चाचांना, आलिमाचाचींना, पाचही नंबरांवर, साध्या फोनवरून, सकाळ-संध्याकाळ. दरवेळी एक बाई आधी चिनीत आणि मग इंग्रजीत सांगायची की हा फोन लागू शकत नाही.

"मला वाटलं तुम्हीच मला बंद केलंत, दादी."

"आम्ही कशाला कुणाला बंद करू? आमच्या घरात असले—"

आणि सकिना थांबली.

ईदनंतरचा तिसरा दिवस. टेलिफोन कंपनीचं दुकान, थंडगार, काचेचं. मोहियुद्दीनच्या इकाम्यावर पाच सिमकार्डं आणि ती त्याच्यामागे उभी. बाहेरच्या देशातून येणारा साधा फोन पाचही नंबरांवर बंद करून टाका. गाववाले सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतात, साध्या फोनवर बाहेरून फक्त चोर बोलतात. हे वाक्य तिचंच होतं. काउंटरवरच्या पोराने दोनदा विचारलं होतं, नक्की का. तिने त्यालाही झापलं होतं.

सगळे तिच्याकडे बघत होते. फोनवर तो कापायचा लाल गोल चमकत होता, तिच्या अंगठ्यापासून बोटभर लांब. रेंज गेली म्हणायचं, दाबायचं, संध्याकाळी गुपचूप मोहियुद्दीनला त्या दुकानात पाठवायचं. चीनच्या नावावर सगळं खपलं असतं. घरात तिचा शब्द तसाच राहिला असता.

तिने झोयाकडे बघितलं. पोरीच्या हातातला घास ताटात पडला होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"अर्धी बंदी चीनची होती," सकिना म्हणाली. "अर्धी माझी."

मग तिने सगळं सांगितलं. सिमकार्डांचं. मुनाफच्या आईने नवव्या दिवशी काय सांगितलं होतं ते. आपण ते कसं कापून अर्धंच घरात आणलं ते. मर्यमच्या फोनमधला कालचा फोटोसुद्धा दाखवला. मोहियुद्दीनच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत होतं. त्याने ते काम करून आल्यावर डोक्यातून काढून टाकलं होतं, आणि मुनाफ फोन करतोय हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आलिमा पदराआड हसत होती की काय, कळायला मार्ग नव्हता.

झोयाने ताटात पडलेला घास बाजूला सारला. मग म्हणाली, "अंगठी पाठवणार होतीस तू."

"हो."

"मी पण पाठव म्हटलं."

"तू माझ्यावर गेलीस. त्यात तुझा काय दोष?"

झोया हात पुढे करून मर्यमचा फोन मागू लागली, पण सकिनाने दिला नाही. मुनाफला म्हणाली, आता ठेव. आणि पाच मिनिटांनी ज्या नंबरावर अकरा दिवस लावत होतास त्याच नंबरावर लाव. परक्याच्या खिडकीतून नको. दारातून ये.

मग घाई उडाली. बंदी मोहियुद्दीनच्या फोनवरून उठवता येणार होती. तिथेही आकडे हवेत, ते आकडे त्याच्याच फोनवर येणार, आणि फोन टोपलीत. त्याने आईकडे बघितलं. सकिनाने मानेने परवानगी दिली. त्याने फोन काढला, एक नंबर सोडवला, दुसरा सोडवला. मर्यमने या वेळात आठवं सांदण संपवलं आणि हे कसं करतात म्हणून आलिमाला खुणेने विचारलं. आलिमा तांदळाचा रवा, नारळाचं दूध असं हातवारे करून सांगू लागली.

पाच मिनिटं झाली. सहा झाली. कुणी जेवेना.

टोपलीतलं फडकं थरथरलं. रोट्यांखालून साधी, जुनी घंटी वाजू लागली. व्हॉट्सअ‍ॅपची नाही. झोया उठली आणि अर्ध्यात थांबली. सवय. जेवताना फडक्याला हात लावायचा नाही.

सकिनाने स्वतः फडकं उचललं. वरची रोटी बाजूला केली, चीनच्या शहाऐंशीने सुरू होणाऱ्या आकड्यांवरचा पिठाचा कण फुंकून काढला आणि फोन नातीच्या हातात दिला. "उचल गो. माणूस दारात उभा आहे."

झोया फोन घेऊन बाल्कनीत गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती. आधी ताठ. मग एका खांद्यावर कललेली. मग तिचं हसू आतपर्यंत आलं, आणि मोहियुद्दीनने सालन पुन्हा वाढून घेतलं.

असरला यज्ञेश वजनकाटा घेऊन आला. पाव किलोचं पुडकं उचलायला आलेल्या त्या पोरापुढे सकिनाने सात किलोचं बोचकं ठेवलं. खजूर, बदाम, केशर, आणि झोयाच्या मंगनीतला एक फोटो. बाणकोटला मुनाफच्या आईकडे. अंगठी झोयाच्या बोटात होती. निरोप काय द्यायचा, यज्ञेशने विचारलं. निरोप मी माझ्या तोंडाने देईन, सकिना म्हणाली, आणि त्याच्यासमोरच बाणकोटला फोन लावला. या वेळी आंब्यांपासून सुरुवात केली नाही. सिमकार्डांपासून केली. मग दोघी अर्धा तास बोलल्या. शेवटी दोघींनी मिळून चीनच्या सरकारला शिव्या दिल्या, कारण तेवढ्यावर दोघींचं एकमत होत होतं.

मर्यमला जाताना सकिनाने डबा भरून दिला. मर्यमने पायऱ्यांवरून ओरडून सांगितलं की पुढच्या शुक्रवारी घुमट फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर. नव्या झिपांची पेटी ती रविवारी पाठवणार होती, बदलून.

मग घर शांत झाल्यावर सकिनाने झोयाला जवळ बसवलं आणि घरच्या ग्रुपवर सगळ्यांना लिहिता येईल असं करायला सांगितलं. झोयाने दोनदा विचारलं, नक्की का. सकिनाने तिला झापलं. झोयाने केलं.

थोडा वेळ काहीच आलं नाही. सगळे आपापल्या खोलीत फोन हातात घेऊन बसले होते, कुणाला सुरुवात करायचा धीर होईना. मग सकिनाच्या हातातला फोन थरथरला. पहिला निरोप आलिमाचा होता. सकिनाने चष्मा लावला आणि एकेक अक्षर जोडत वाचलं. अम्मी, आज सालनात मीठ कमी होतं.

सकिनाचं बोट त्या ओळीवर गेलं. तिथं दाबून धरलं की पुसायचं चिन्ह येतं, हे तिला चांगलं माहीत होतं. बोट तसंच हवेत राहिलं. भिंतीपलीकडून आलिमाच्या श्वासाचासुद्धा आवाज येत नव्हता.

तिने बोट मागे घेतलं. राहू दे. शुक्रवारपुरतं.